जुन्या लोगोच्या खोक्यांबद्दल, ताई, तुमचे आभार

ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथे नुसतंच ‘ताई’. कोथरूडच्या आमच्या गल्लीत सकाळी कचऱ्याची ढकलगाडी घेऊन येणाऱ्या ताई एकच. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आभार कशाचे, ते बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या कंपनीने यंदा लोगो बदलला. जुना निळा होता, नवाही निळाच आहे, फक्त अक्षरं जरा तिरकी झाली. त्यासाठी बाहेरून सल्लागार आले, पंचतारांकित हॉटेलात अनावरण झालं, धूर सोडायचं यंत्रही होतं. असो, पैसे त्यांचे. पण दुसऱ्याच दिवशी ॲडमिनला, म्हणजे मला, निरोप आला की जुन्या लोगोची एकही वस्तू दिसता कामा नये. स्टोअर उघडलं तर डायऱ्या, टी-शर्ट, स्टीलच्या बाटल्या, मग, पत्रकं. निम्म्या खोक्यांची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. नेहमीचा भंगारवाला म्हणाला, “मिक्स माल आहे मॅडम, उचलतो, पण टेम्पोचं भाडं तुमचं.” म्हणजे कोऱ्या करकरीत वस्तू टाकायच्या आणि वर पैसे मोजायचे! साहेबांना विचारून खोकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणून ठेवली आणि तुम्हाला हाक मारली.

तुमचा पहिला प्रश्न, “वहिनी, यातलं काही भिजलं नाही ना?”

मग गाडी कडेला लावून तुम्ही मांडी घालून बसलात. एक वापरलेली डायरी उचललीत, ब्लेडने कव्हर सोडवलंत, स्प्रिंगची तार एका ओढीत काढलीत आणि आतली पानं निराळी ठेवलीत. “असा दिला तर पांढऱ्या कागदाचा भाव. कव्हरसकट दिला तर पुठ्ठ्याचासुद्धा नाही.” कोऱ्या डायऱ्यांना मात्र तुम्ही ब्लेड लावू दिलं नाहीत. त्या तुमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत गेल्या. टी-शर्ट गॅरेजवाल्याला पुसायला द्यावेत असं मला वाटत होतं. तुम्ही कापड दोन बोटांत चोळून सांगितलंत, “हे पॉलिस्टर. पुसायला बरं नाही. त्याला सुती लागतं. हे घालायलाच द्या कुणाला तरी.” बाटल्या तुमच्या कोठीवरच्या, म्हणजे हजेरीच्या जागेवरच्या, बायकांनी वाटून घेतल्या.

आणि ते चकचकीत पत्रक! तुम्ही कोपऱ्याला धरून हळूच फाडलंत. कागद फाटला, पण वरचा पारदर्शक पापुद्रा नुसता ताणला गेला आणि लोंबत राहिला. “बघा, वरून प्लास्टिक चढवलंय. कागदवाला घेणार नाही आणि प्लास्टिकवालाही घेणार नाही.” त्याच पत्रकावर हिरवंगार पान छापलेलं होतं आणि आत आमच्या पर्यावरणप्रेमाची गाथा. मी गप्प बसले. तुम्ही मात्र खळखळून हसलात.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दूध आणायला निघाल्या होत्या, त्या पिशवी बाजूला ठेवून तारा ओढायला बसल्या. बँकेतून निवृत्त झालेले काका हिशेबाची वही घेऊन आले. तुम्ही ताणकाटा धरायचा, आकडा सांगायचा, काकांनी लिहायचा. एरवी पार्किंगच्या रेघेवरून भांडणारी माणसं त्या दिवशी एकमेकांना चहा आणून देत होती. मगांना भंगारात भाव नाही म्हणालात, तेव्हा ते कोपऱ्यावरच्या चहावाल्याने नेले. तिथे रोज सकाळी आमचा जुना लोगो दिमाखात दिसतो. साहेबांचं येणं-जाणं या भागात नाही, ते बरंच आहे.

हे सगळं तुम्हाला कुणी वर्गात शिकवलं नाही, हे मला ठाऊक आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली, 2008 पासून ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलते, तीन हजारांहून जास्त जण तिथे काम करतात. यातलं काहीच मला तुम्ही भेटेपर्यंत धड माहीत नव्हतं. उरुळी-फुरसुंगीच्या कचरा डेपोविरुद्धची गावकऱ्यांची आंदोलनं तेवढी बातम्यांत पाहिली होती. तिथे जाणाऱ्या ढिगातून तुम्ही रोज काय काय बाजूला काढता, हे त्या बातम्यांत कुठे दिसलं नाही.

आणि आमची सोसायटी? तुमच्या महिन्याच्या पैशांत वीस रुपये वाढवायचे म्हटले तर मीटिंग तासभर चालते. तुम्ही लिफ्टने यायचं की जिन्याने, यावरही मंडळींना मत असतं. मिनरल पाण्याच्या बाटल्या पुढ्यात ठेवूनच ही मतं मांडली जातात.

आता एक गंमत. शेअर बाजारातल्या मोठ्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून सेबीच्या नियमाप्रमाणे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. आमचाही असतो. त्यात कचरा किती निघाला आणि किती पुन्हा वापरात गेला, हे वजनात लिहावं लागतं. यंदा तो रकाना भरायला माझ्याकडे काकांची वही होती. अहवाल बनवणाऱ्या एजन्सीच्या पोराने विचारलं, “मॅडम, एवढे नेमके आकडे कुठून आणलेत?” म्हटलं, ताणकाट्यावरून. त्याला ते सॉफ्टवेअरचं नाव वाटलं असावं, लिहून घेतलंन त्याने.

नवी पत्रकं आता साध्या कागदावर छापली जाताहेत, वर प्लास्टिक नाही. खरेदी विभागाने कारण विचारलं, तेव्हा मी आमच्या सल्लागारांचं मत म्हणून सांगितलं. ते चाललं. कोण सल्लागार, हे कुणी विचारलं नाही. फीचं बिलही कुणी मागितलं नाही. ते मात्र माझ्या मनात आहे आणि खरेदीच्या साहेबांपुढे ते मी मांडणार आहे.

तोवर एक काम आहे. दिवाळीच्या भेटींच्या पेट्यांचे नमुने परवा ऑफिसात आले. वर मखमल, आत फोम, झाकणाला लोहचुंबक, आणि या सगळ्यात मूठभर बदाम. एक पेटी सोमवारी खाली घेऊन येते. ऑर्डर जाण्याआधी तुम्ही एकदा कापून बघा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची वहिनी