पाकीट बंदच राहू द्या: केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार. मेसेज सर्वात आधी कोणी पाठवला हे कंपन्यांना सांगायला लावणारा सरकारी नियम मागे घ्या, ही विनंती करायला लिहिते आहे.

मी नाशिकला पंचवटीत कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायका सहसा आधी फोन करत नाहीत. घरात भिंतींना कान असतात. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकतात आणि माझं उत्तर वाचलं की पुसून टाकतात.

मध्यंतरी एक ताई आल्या. त्या मला जे लिहीत, ते नवऱ्याला शब्दन्‌शब्द कळत होतं आणि कसं, ते त्यांना उमगत नव्हतं. आम्ही त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडलं, म्हणजे हेच मेसेज आणखी कुठल्या उपकरणांवर दिसतात त्याची यादी. घरचा लॅपटॉप जोडलेला होता. तो काढून टाका, असं मी लगेच म्हटलं नाही. लॅपटॉपवरचं बंद पडलं की त्याला कळणार आणि राग निघणार तो यांच्यावर. आधी त्या सिन्नरला माहेरी पोचल्या. तिथून तो काढला, व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन घातला आणि मला लिहिलं, ‘ताई, आता बोलते.’

त्या तीन शब्दांसाठी मी हे पत्र लिहिते आहे.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतल्या नियम 4(2) नुसार, आदेश आला की मोठ्या मेसेजिंग कंपनीने एखादा मेसेज सर्वात आधी कोणी पाठवला ते सांगायचं आहे. आदेश गंभीर गुन्ह्यांपुरताच आणि मजकूर उघड करण्याची सक्ती नाही, हे मी वाचलं आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे मेसेज कुलूपबंदच जातो. कुलपाची किल्ली बोलणाऱ्यांच्याच फोनमध्ये असते, कंपनीकडेही नसते. उद्या कोणत्या मेसेजची चौकशी निघेल ते आज कोणालाच माहीत नसतं. म्हणजे ज्यांचा कशाशी संबंध नाही, त्यांच्यासकट सगळ्यांच्याच मेसेजवर खूण करून ठेवावी लागणार. त्यात या ताईही आल्या.

आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये टपाल तिकिटं छापतात. सार्वजनिक सुरक्षेसाठी टपाल अडवायचा अधिकार सरकारला पत्रांच्या काळातही होता. म्हणून देशातल्या प्रत्येक पाकिटावर लिहिणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा घ्या, असं कोणी म्हटलं नाही.

पोलिसांची अडचण मला कळते. अश्लील फोटो फिरवून छळलेल्या मुली माझ्यासमोर रडल्या आहेत आणि त्यांना न्याय लवकर मिळावा असं मलाही तळमळीने वाटतं. पण त्यांच्या तक्रारीत आलेला मेसेज पुष्कळदा त्यांच्याच फोनमध्ये असतो, पाठवणाऱ्याचा नंबर समोर असतो. अडतं ते पुढे: तपासाला माणसं कमी, जप्त केलेला फोन तपासून यायला महिनोन्‌महिने. पैसा आणि माणसं तिथे द्या.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. नियम 4(2) ला 2021 मध्येच दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल. नियम मागे घेणं सरकारच्या हातात आहे. तो मागे घ्या.

आणि एक छोटं काम. जोडलेली उपकरणं कशी तपासायची, पिन कसा घालायचा, एवढं साध्या मराठीत छापून प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि अंगणवाडीत लावा. घाईने काढू नका, आधी सुरक्षित जागी पोचा, हेही त्यात असू द्या.

आपली नम्र,
एक समुपदेशक, पंचवटी, नाशिक