राणीला कोण विचारतं?

प्रिय बाळ्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, शिव्या देऊन घे. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

खिडकीसमोरच्या फांदीवर मधमाश्यांचा घोस येऊन लटकला होता, जुनं पोळं सोडून नवं घर शोधायला निघालेला. आणि इकडे आईने कोणाकडे राहायचं यावर आम्हा भावंडांची फोनवर खडाजंगी. अण्णा काय म्हणाला असेल ते तुला सांगायला नको. ताई रडली. मी माश्या बघत 'हं, हं' करत होतो.

घोसावर, म्हणजे इतर माश्यांच्या पाठीवरच, टेहळ्या माश्या नाचतात. पोट थरथरवत सरळ धाव, वळसा, पुन्हा धाव. धावेच्या दिशेत नव्या जागेचा पत्ता असतो. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञांना १९७३ साली नोबेल मिळालं. घरही अशाच नाचातून ठरतं हे त्यांच्या शिष्याने, लिंडावरने, दाखवलं. गंमत म्हणजे प्रत्येक टेहळी आपल्याच जागेसाठी फेरीगणिक कमी नाचते आणि शेवटी थांबते. हट्ट आपोआप विरतो. नाचणारीला दुसरीने डोक्याने ढुशी दिलेलीही मी पाहिली. अण्णाची फार आठवण झाली.

तुला दत्ताच्या चोवीस गुरूंमधल्या मधमाशीवरचं आपलं भांडण आठवलं असेलच. परवा भागवताचा अकरावा स्कंध पुन्हा काढला. फुलाफुलातून थोडं थोडं घेणारी तुझी माशी आणि साठवून बुडणारी माझी, दोघी एकाच अध्यायात आहेत. तरी जेवण टाकून उठला होतास तू! भ्रामरी देवीच्या माश्या तर थेट अरुणासुरावर तुटून पडतात. पण घर शोधत चर्चा करणारी माशी मला पुराणात भेटली नाही.

आणि खरं सलतंय ते वेगळंच. मोहोळ फुटतं तेव्हा जुनं घर मुलीसाठी ठेवून म्हातारी राणीच बाहेर पडते. म्हणजे आईच. नवी जागा शेकडो टेहळ्या ठरवतात, तिला कोणी विचारत नाही, सगळे उठले की तीही उठते. माश्यांचं ते शहाणपण म्हणे! आई पण सगळ्यांना एकच सांगते, "तुम्ही ठरवाल तिथे." हे ती मनापासून म्हणते की थकून, काही केल्या कळत नाही. रात्री तेच डोक्यात.

धाकटीचं लग्न ठरलं म्हणे, अभिनंदन. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? सविस्तर लिही.

आणि आईला एक फोन कर. तुझ्याशी ती अजून भांडते. आमच्याशी नुसती गोड बोलते.

तुझा,
वश्या