पॅसेजमधली जुनी शोभा

महोदय,
पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून आरसे, खुंटाळी, पितळी दिवे आणून पॅसेज सजवण्याची सध्या टूम आहे. हौस चांगलीच, पण तीन फुटी पॅसेजमध्ये नऊ इंचांहून खोल कपाट नको, कोपर ठेचतेच.

सागवानी चौकट उलटून मागून पाहावी. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा झडत असेल, तर कीड जिवंत आहे. सिरिंजने भोकांत लाकडाचे कीडनाशक सोडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी, मगच घरात घ्यावी. जड आरशाची गंजकी तार आधी बदलावी. तो टांगायच्या स्क्रूंसाठी आठ मिलिमीटरचे दोन गट्टे (प्लग) विटेत बसवावेत, नुसत्या गिलाव्यात नव्हे. पितळेला लोहचुंबक लावावा. चिकटला तर आत लोखंड. चिंच-मिठाने मुलामाच निघेल. विक्रेता ‘अँटिक’ म्हणाला तरी भाव लोखंडाचाच द्यावा.

– एक वाचक, पुणे