रोप लावून झाले, आता आळे आणि आच्छादन

मा. संपादक,

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत लावलेल्या रोपांचा कठीण काळ आता, पाऊस परतल्यावर सुरू होतो. टँकरच्या पाइपने धावते पाणी मारले की ओल जेमतेम दोन बोटे उतरते. मुळे ओलीमागे वरच राहतात आणि एप्रिलच्या उन्हात तीच आधी सुकतात.

पाच-सहा फुटी रोपाला आठवड्यातून दोनदा १० ते १५ लिटर पाणी सावकाश मुरू द्यावे. मार्चपासून एक दिवसाआड. वाशी-ऐरोलीकडच्या भरावात मुरूम-डेब्रिज असेल तर ते पाणी धरत नाही, तिथे थोडे थोडे पण वरचेवर द्यावे. आळे दोन-तीन फूट रुंद हवे, बुंध्याला चिकटलेली वाटी नको. पाण्याआधी काडी चार इंच खुपसून पाहावी. ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नको. पाने पिवळी दिसताच आणखी पाणी ओतले जाते, पण मुळे पाण्यात गुदमरली तरीही पाने पिवळीच पडतात!

आता आच्छादन. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायट्यांच्या आवारात झाडून काढलेला पाचोळा कचऱ्यात जातो, कुठे चक्क जाळला जातो. हे बघवत नाही, कारण रोपांना नेमका तोच हवा असतो. आधी पाणी द्यावे, मग आळ्यात तीन इंच थर पसरावा. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडायचीच. पाचोळ्याचा ढीग खोडाला टेकला की साल कुजते, वाळवीही लागते. जंगली बदामाची मोठी पाने एकावर एक बसून पाणी अडवतात, ती चुरून टाकावीत. ताजे कापलेले गवत जाड थरात तापते, म्हणून वाळवून वापरावे. शहाळ्यांची कवटे मात्र फोडून, पालथीच ठेवावीत. उताण्या कवटात पाणी साचून डास होतात. पाचोळा कुजून बसतो, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी नवा थर द्यावा.

दोन्ही महापालिकांना विनंती, की देखभालीच्या कंत्राटात किमान तीन उन्हाळ्यांचे पाणी आणि आच्छादन यांची स्पष्ट अट असावी. उद्यानांतला पाचोळा रस्त्याकडेच्या रोपांना द्यावा. आणि जूनमध्ये पाऊस सुरू होताच आळ्याचा बांध उताराच्या बाजूने फोडावा, नाहीतर उन्हाळाभर जगवलेले रोप साचलेल्या पाण्यात कुजते.

– वृक्षसंगोपनाचे काम करणारे काही रहिवासी, ठाणे