मे महिन्यातली चिखलातली रेस पहाटे पाचलाच सुरू करा

मा. संपादक, स.न.

सोलापुरात आता ट्रेल रेस, म्हणजे कच्च्या वाटेवरच्या रेस व्हायला लागल्यात याचा खूप आनंद आहे, हिप्परगा तलावाच्या बाजूला किंवा नान्नजकडच्या माळावर पहाटे पळायची मजा डांबरी रोडवर नाही. पण मे महिन्यात रेस ठेवायची आणि स्टार्ट द्यायचा सात वाजता, हे काय बरोबर नाही. आम्ही पळालो त्याच्या आदल्या रात्री वळीव झाला होता, आणि आपली काळी माती म्हणजे पाणी पिऊन फुगते, बुटाला चिकटते, पावलागणिक बूट जड होत जातो, मग तासाभराच्या अंतराला दोन तास लागतात आणि तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. त्यात पावसानंतर हवा दमट, घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग थंड होतं ना!

स्टॉलवर फक्त साधं पाणी होतं. घामातून मीठ पण जातं, तासन्‌तास नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं. ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत ठेवायला कितीसा खर्च येतो? पळताना कोणी बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं तर उष्माघात समजायचा, अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं, अशा माणसाला तिथेच बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करायचं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची. त्यासाठी टब आणि बर्फ फिनिशजवळ हवाच.

आयोजकांनी पाचला स्टार्ट द्यावा, आणि वळीव झाला की रेस संपवायची वेळ वाढवण्यापेक्षा अंतरच कमी करावं.

– एक रनर, जुळे सोलापूर