स्कॉच स्वस्त होईल हो, पण दाण्याचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या तेव्हापासून पेपरात व्हिस्कीबद्दल जे काही येतंय ते सगळं आयात ड्युटीचंच, १५० टक्क्यांची आधी ७५ होणार मग दहा वर्षांत ४०, बाटली किती रुपयांनी उतरणार वगैरे. ठीके, खिशाचा प्रश्न आहे, मलाही आनंदच आहे. पण बाटलीतला माल कुठल्या धान्याचा यावर कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र.

भाचा ग्लासगोला असतो, त्याने येताना ब्रुकलॅडी डिस्टिलरीची 'बेअर बार्ली २०१०' ही स्कॉच आणली. ही डिस्टिलरी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची, १८८१ सालची, पण बार्ली (म्हणजे सातू) आणलेली पार उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरून. बेअर म्हणजे तिथलं शेकडो वर्षांचं गावरान वाण, सहा ओळींचं कणीस, उंच ताट, जरा वारा-पाऊस झाला की पीक आडवं. उतारा आजच्या सुधारित वाणांच्या निम्माच, त्यात दाण्यात स्टार्च कमी, म्हणजे टनामागे दारूही कमी निघते. मग टिकलं कसं? तर उन्हाळा छोटा असला तरी उशिरा पेरून लवकर कापता येतं आणि हलक्या जमिनीतही तग धरतं. ऑर्कनीतल्याच बर्से गावच्या पाणचक्कीवर याचं पीठ अजून दळतात आणि लोक त्याच्या जाड भाकऱ्या खातात. आपल्याकडे खपली गव्हाचं जे झालं तेच, परवडत नाही म्हणून मागे पडलं आणि आता त्याच कारणाने महाग.

आता चवीचं. आम्ही मित्रांनी शेजारी त्याच डिस्टिलरीची साधी 'क्लासिक लॅडी' ठेवली, दोन्हीत अल्कोहोल ५० टक्के, दोन्हीत पीटचा (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचा) धूर नाही, म्हणजे तुलना बऱ्यापैकी सरळ. बर्फ-सोडा नाही, फक्त चमचाभर पाणी (यावरून एक जण रुसला तो वेगळा विषय). बेअरच्या ग्लासला नाक लावलं की आधी भाजलेल्या सातूच्या पिठाचा वास, मग मध, लिंबाची साल. जिभेवर जाड, तेलकट म्हणावी इतकी, ग्लासच्या कडेने सावकाश उतरते. क्लासिक जास्त गोड आणि गुळगुळीत वाटली, आणि खरं सांगायचं तर दोघांना तीच आवडली. यातलं बार्लीचं किती आणि व्हिस्की ज्यात मुरते त्या पिंपाच्या लाकडाचं किती हे घरी बसून कुणी सांगू शकत नाही, त्यामुळे 'जुनं वाण म्हणजे भारीच' असं माझं म्हणणं नाही. फरक मात्र होता, आणि तो डोळे मिटूनही कळत होता.

मला आवडलं ते दुसरंच. कायद्याने सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीच्या) स्कॉचला मोड आणलेली बार्लीच लागते, कुठल्या वाणाची ते कायदा विचारत नाही. तरी या लोकांनी वाण सांगितलं, बेट सांगितलं, शेतांची नावंसुद्धा दिली.

आणि गंमत बघा, सहा ओळींची बार्ली आपल्याकडे मुळीच दुर्मिळ नाही. बंगळुरूची अमृत, गोव्याची पॉल जॉन, या व्हिस्क्या जगात नावाजल्या गेल्या त्या याच आपल्या बार्लीवर, जी राजस्थानात आणि हिमालयाच्या पायथ्याकडे पिकते. टरफल जास्त, प्रोटीन जास्त, स्टार्च कमी, डिस्टिलरीच्या हिशोबात तोट्याचीच, पण चवीला भरदार. मी पाहिलेल्या देशी बाटल्यांवर पिंप आधी बर्बनचं (अमेरिकन व्हिस्कीचं) होतं की शेरीचं (स्पॅनिश वाइनचं) हे मोठ्ठं लिहिलेलं असतं, बार्ली कुठल्या जिल्ह्यातली, वाण कोणतं याचा पत्ता नाही. वावर कुणाचं ते तर लांबच. तेव्हा तुमच्या पुरवणीतून एकदा किमती बाजूला ठेवून देशी माल्टवाल्यांना एवढं विचारा: पुढच्या बाटलीवर गावाचं नाव टाकायला काय हरकत आहे?

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे