नोत्र-दामचा ऑर्गन आणि त्याचे वादक

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलच्या, २०१९च्या आगीनंतरच्या पुनर्बांधणीविषयी आपल्याकडच्या वृत्तपत्रांतून जे वाचायला मिळाले, त्यात छताच्या ओकच्या तुळया, कोसळून पुन्हा उभा राहिलेला मनोरा आणि उद्घाटनाला आलेले राष्ट्रप्रमुख यांची वर्णने सविस्तर होती. तेथील मोठ्या ऑर्गनविषयी मात्र तो आगीतून वाचला, एवढ्या आशयाचे एखाददुसरे वाक्यच दिसले. ते वाक्य खरे असले तरी फार अपुरे आहे. चर्चमधला असा ऑर्गन जागचा हलत नाही; वादकालाच त्याच्यापाशी जावे लागते आणि पुष्कळदा सारे आयुष्य त्याच्यापाशीच काढावे लागते. म्हणून या वाद्याची हकिगत त्याच्या वादकांना वगळून सांगताच येत नाही, असे मला वाटते.

संगीत नाटकामुळे आपल्या परिचयाचा झालेला, बालगंधर्वांच्या पदांना साथ करणारा ऑर्गन रीडचा, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांचा होता आणि वादक त्याचा भाता पायांनी चालवीत असे. त्याचा भाऊबंद असलेल्या हार्मोनियमचे पेटंट १८४०च्या सुमारास पॅरिसमध्येच दबँ या वाद्यकाराने घेतले होते. नोत्र-दामचा ऑर्गन नळ्यांचा आहे. आरिस्तीद काव्हाये-कोल या थोर वाद्यकाराने जुन्या ऑर्गनमधल्या बऱ्याच नळ्या राखून तो नव्याने घडवला आणि १८६८ मध्ये तो प्रथम वाजला. त्यानंतरची भर धरता आज त्यात सुमारे ८,००० नळ्या आणि ११५ स्टॉप, म्हणजे एकेका जातीच्या नळ्या चालू-बंद करणाऱ्या खुंट्या, आहेत; हातांसाठी पाच कीबोर्ड आणि पायांसाठी पेडलची वेगळी रांग आहे. कोणते स्टॉप केव्हा ओढायचे, म्हणजे कोणत्या जातीच्या नळ्या एकत्र बोलवायच्या, हे स्वरलिपीत पूर्णपणे लिहिलेले नसते. ते वादकाने त्या वाद्याची आणि त्या इमारतीतल्या घुमाऱ्याची ओळख करून घेऊन ठरवायचे असते. एखादा नामवंत वादक परगावी मैफलीला गेला, तरी तेथील ऑर्गनशी काही तास एकट्याने बसल्याशिवाय त्याला कार्यक्रम करता येत नाही.

लुई व्हिएर्न यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८७० मध्ये प्वातिए येथे झाला, तोच मोतीबिंदूमुळे जवळजवळ अंध अवस्थेत. पॅरिसच्या अंधांच्या शाळेत शिकून, विदोर यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली तयार होऊन, १९०० मध्ये स्पर्धेतून त्यांची नोत्र-दामचे मुख्य वादक म्हणून निवड झाली आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे ३७ वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले. पदाला प्रतिष्ठा होती, पैसा बेताचाच होता. पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयातील ऑर्गनच्या प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुलगा आणि भाऊ दोघेही गेले, आणि उरलीसुरली दृष्टी टिकवण्यासाठी त्यांना काही वर्षे स्वित्झर्लंडमध्ये उपचार घेत काढावी लागली. या सगळ्यात त्यांनी ऑर्गनसाठी सहा सिम्फनी लिहिल्या. त्या ऐकताना हे संगीत कोणत्या दगडी पोकळीत घुमण्यासाठी लिहिले आहे, ते स्पष्ट जाणवते.

याच काळात ऑर्गनही थकत चालला होता. १९२७ मध्ये व्हिएर्न अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि तेथील मैफलींतून त्यांनी आपल्या ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी निधी जमवला. साठीकडे झुकलेला, दृष्टी अधू असलेला कलावंत आपल्या मालकीच्या नसलेल्या वाद्यासाठी समुद्र ओलांडून जातो, ही गोष्ट मला त्या ऑर्गनच्या कोणत्याही आकडेवारीपेक्षा मोठी वाटते. २ जून १९३७ रोजी नोत्र-दाममध्येच कार्यक्रम चालू असताना, आपली रचना वाजवून झाल्यावर आणि उत्स्फूर्त वादनाला सुरुवात करायच्या वेळी, ते वाद्यापाशीच कोसळले. शेजारी त्यांचे स्टॉप सांभाळायला संगीतकार मोरिस द्युरुफ्ले होते. व्हिएर्न यांचा पाय पेडलवर पडला आणि तो एकच खर्जाचा स्वर कॅथीड्रलभर वाजत राहिला.

१५ एप्रिल २०१९च्या आगीनंतरचे काम याच परंपरेत बसते. ज्वाळा ऑर्गनपर्यंत पोहोचल्या नाहीत, पण छपराच्या वितळलेल्या शिशाची धूळ त्याच्यावर बसली. २०२० मध्ये तो सुटा करून निरनिराळ्या कार्यशाळांत नेण्यात आला आणि नळ्या स्वच्छ करून परत बसवल्यावर २०२४ मध्ये सुमारे सहा महिने त्याचे सूर जुळवण्यात गेले. दिवसा बांधकामाचा आवाज असल्यामुळे हे काम रात्री चाले. दगडी भिंती धुऊन निघालेल्या असल्याने घुमाराही पूर्वीसारखा राहिला नव्हता. प्रत्येक नळीचा आवाज नव्या घुमाऱ्यात कानाने जोखावा लागला.

७ डिसेंबर २०२४ रोजी, कॅथीड्रल पुन्हा खुले होण्याच्या सोहळ्यात, आर्चबिशपांनी ऑर्गनला आठ वेळा साद घातली आणि कॅथीड्रलच्या चार वादकांनी प्रत्येक सादेला उत्स्फूर्त वादनाने उत्तर दिले. आपला गायक बंदिशीच्या मुखड्यावरून रागाचा विस्तार करतो, तसाच फ्रान्समधला ऑर्गनवादक प्रार्थनेतल्या एका सुरावटीवरून समोरच्या समोर रचना उभी करतो, आणि ही विद्या तेथे आजही शिकवली जाते. त्या चौघांपैकी ऑलिव्हिए लात्री १९८५ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी या पदावर आले. तेव्हापासून ते याच ऑर्गनशी बांधलेले आहेत, आणि पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत शिकवतातही. वाद्याच्या आवाजाविषयी अशा माणसाचे मत विचारल्याशिवाय कारागिरांचे काम पुरे होत नाही.

आपल्याशी या विषयाचा संबंध नाही असे नाही. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये नळ्यांचा ऑर्गन आहे. अशा वाद्यांविषयी लिहिताना बातमीदारांनी वाद्याचे वय आणि दुरुस्तीचा खर्च यांबरोबरच ते कोण वाजवते, त्या वादकाला सरावासाठी चर्च किती वेळ खुले मिळते आणि पुढचा वादक कोठे शिकतो आहे, हेही विचारावे. आणि आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिएर्न यांच्यावर एखादा सविस्तर लेख यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक,
पुणे